‘अजून तयार नाही’ असं किती वर्षं ऐकायचं? (प्रौढ भावंडं, डे सेंटर आणि नोकरी)

अर्धविराम
माझा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. मध्यम बौद्धिक अक्षमता, बोलणं मोजकं, पण समजतं बरंच. शाळा संपल्यापासून एका डे सेंटरला जातो. तिथली माणसं मायाळू आहेत, गाडी वेळेवर येते, आईबाबांना दिवसभरात जरा उसंत मिळते. तेव्हा हा तक्रारीचा धागा नाही.

पण तिथे ‘पूर्व-व्यावसायिक’ नावाचा जो गट आहे, त्यात तो पहिल्या वर्षापासून आहे आणि आजही तिथेच आहे. रंगांप्रमाणे मणी निवडायचे. दुसऱ्या दिवशी तेच मणी परत एकत्र करून समोर ठेवलेले असतात. दर वार्षिक बैठकीत एकच वाक्य ऐकू येतं : ‘प्रगती छान आहे, पण नोकरीसाठी अजून तयार नाही.’ तयार म्हणजे काय, असं या वेळी लेखी विचारलं तर यादी मिळाली. दोन तास एका जागी बसणं, न सांगता काम पूर्ण करणं, अनोळखी माणसाशी नजर मिळवून बोलणं, पैसे मोजता येणं. (शेवटचं सोडलं तर आमच्या ऑफिसातले अर्धे लोक यात नापास होतील.)

माझा प्रश्न साधा आहे. ही तयारी खरंच अशी होते का? आणि नोकरीच्या मागे लागलो तर सेंटरची जागा हातची जाईल का? आईला दुसऱ्या प्रश्नाची जास्त धास्ती आहे.

रिकामा_रकाना
चांगला धागा. वाचतोय. आमच्याकडे पुतणी आहे, डाउन सिंड्रोम, पुढच्या वर्षी शाळा संपेल.

जुनी_वही
मी आधी विशेष शिक्षिका होते, आता प्रौढांसाठी जॉब कोच म्हणून, म्हणजे कामाच्या जागी जाऊन काम शिकवणारी म्हणून, काम करते. ही यादी ओळखीची आहे, जवळजवळ शब्दन् शब्द.

‘आधी शिकवू, मग कामाला लावू’ हा तिच्यामागचा विचार. ऐकायला रास्त वाटतो. अडचण अशी, की बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता येत नाही. सेंटरच्या टेबलावर मणी निवडायला शिकलेला माणूस सेंटरच्या टेबलावर मणी निवडायला शिकतो, बस्स. गोदामातल्या कामाची तयारी त्यातून होत नाही. त्यामुळे पूर्वतयारीची वर्षं वाढली म्हणून तयारी वाढली, असा हिशोब मांडताच येत नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातल्या पॉल वेमन यांच्यासारख्यांनी हा क्रम उलटा केला. आधी खरी जागा, खरा पगार, आणि शिकवणं तिथेच, त्याच यंत्रापाशी, त्याच साहेबाच्या देखत. याला सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणतात. १९८६मध्ये तिथल्या पुनर्वसन कायद्यात ते आलं.

त्याच्याही आधीचं मार्क गोल्ड यांचं काम मला जास्त आवडतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी संरक्षित कार्यशाळांमधल्या (अपंगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागांमधल्या) लोकांना, म्हणजे ‘यांना सोप्या कामापलीकडे जमणार नाही’ असा शिक्का बसलेल्यांना, सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. काही जणांसाठी प्रत्येक भागाची जी बाजू वर यायला हवी ती लाल रंगवली होती. ते बाकीच्यांपेक्षा लवकर शिकले. पुढे २४ भागांचा ब्रेकही जोडून झाला. यात लाल रंग लावायचं काम कोणाचं होतं? शिकवणाऱ्याचं. ‘जमत नाही’ म्हटल्यावर पहिला प्रश्न शिकवणाऱ्याला विचारायचा, हे मी तिथून उचललं.

सेंटरच्या जागेबद्दल नंतर लिहिते, आता पळते.

सावलीतली
चर्चा छान चालली आहे, तरी मी जरा थंड पाणी ओतते. माझा मुलगा चौतीस वर्षांचा. बोलत नाही, फिट येतात, संडास-आंघोळीला माणूस लागतो. असे धागे आले की शेवटी कुणाचा तरी पहिल्या पगाराचा फोटो येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. आणि मग माझ्या मुलाचं काय, हे विचारायलाच संकोच वाटतो.

ब्रिटनमध्ये अपंग कामगारांसाठी रेम्प्लॉय नावाचे सरकारी कारखाने होते. पहिला १९४६मध्ये सुरू झाला, शेवटचे २०१३मध्ये बंद केले. वेगळे कारखाने नकोत, मुख्य प्रवाहात या, असं कारण दिलं होतं. त्यातल्या अनेकांना पुढे काम मिळालंच नाही, ते घरी बसले. मुख्य प्रवाह म्हणजे काय, तर घराच्या चार भिंती. म्हणून ‘डे सेंटर वाईट, नोकरी चांगली’ असा सूर लागला की मला भीती वाटते. सेंटर बंद करायला निमित्तच हवं असतं, पैसे वाचतात ना.

रिकामा_रकाना
ताई, तुमच्या पोस्टला अनुमोदन. हा भाग कुणी लिहीत नाही.

टेबल_क्रमांक_सात
नोकरी देणाऱ्या बाजूने लिहितो. मी एका मोठ्या रुग्णालयात मनुष्यबळ विभागात आहे. आमच्याकडे बौद्धिक अक्षमता असलेले काही कर्मचारी लॉन्ड्रीत, निर्जंतुकीकरण विभागात आणि भांडारात आहेत. रुग्णालयं यासाठी बरी पडतात, कारण कामं ठरलेली, रोजची आणि असंख्य असतात. प्रोजेक्ट सर्च नावाचा जो कार्यक्रम आता अनेक देशांत चालतो, तोही १९९६मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयातच सुरू झाला. शाळेचं शेवटचं वर्ष वर्गाऐवजी रुग्णालयात, आणि वर्षभरात वेगवेगळ्या विभागांत तीन फेऱ्या. रिकामा_रकाना, पुतणीसाठी असं काही जवळपास आहे का ते आत्ताच बघा. शाळा संपल्यावर जी पोकळी येते, ती भरणं फार अवघड जातं.

आमच्याकडे हे दयेवर चालत नाही, हे स्पष्ट लिहितो. दयेवर घेतलेला माणूस पुढचा साहेब आला की जातो. झालं असं, की वॉर्डमधल्या नर्स रोज बराच वेळ ट्रॉल्या भरण्यात घालवायच्या. हातमोजे, सिरिंज, बँडेज. कुणाचंच ते मुख्य काम नव्हतं, म्हणून ते नेहमी अर्धवट राहायचं. ते काम सगळ्यांच्या कामातून कापून वेगळं काढलं आणि त्याची एक जागा तयार केली. आता त्या जागेवर जो मुलगा आहे, तो एक दिवस आला नाही तर तीन वॉर्डांतून फोन येतात.

त्याला शिकवलं कसं, तेही सांगतो, कारण मला ते नवीन होतं. कोचने आधी दोन दिवस स्वतः ट्रॉली भरली. मग कामाचे तुकडे पाडले. पहिला खण उघड, तळाशी चिकटवलेल्या फोटोवरून वस्तू ओळख, फोटोवरच्या रेघेपर्यंत भर, खण बंद, पुढचा. आकडा कुठेच नाही, कारण त्याला आकडे जमत नाहीत. रेघेच्या खाली असेल तर भरायचं, रेघेला टेकलं की थांबायचं. एकाच जागी अडायचं : खण नीट बंद झाला नाही, तरी तो पुढे जायचा. कोच ‘बंद कर, बंद कर’ म्हणत बसली नाही. खणाच्या कडेला एक हिरवी पट्टी लावली, जी खण पूर्ण बंद झाल्यावरच झाकली जाते. हिरवं दिसलं तर ढकल. गंमत म्हणजे त्या पट्ट्या नंतर नर्सनी बाकीच्या ट्रॉल्यांनाही लावून घेतल्या.

जुनी_वही
हिरवी पट्टी फारच आवडली. यात एक भर घालते. वाईट कोच लगेच ओळखता येतो. तो कामगाराला चिकटून उभा असतो. मग सहकारी कामगाराशी बोलतच नाहीत, कोचशी बोलतात : ‘याला सांगा ना, ते बॉक्स तिकडे ठेवायला.’ कोच गेला की माणूस तिथे परकाच. चांगला कोच पहिल्या दिवसापासून स्वतःला बाजूला काढत असतो. आधी हाताला हात लावून, मग नुसती खूण, मग दोन पावलं मागे, मग खोलीबाहेर. आणि कुणी त्याला विचारलं, तर ‘तुम्ही त्यालाच विचारा’ म्हणतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस जे सहज सांगून जातो, ते कोचच्या शिकवण्यापेक्षा टिकतं.

आता सावलीतली यांच्यासाठी. ताई, तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. पर्याय उभा न करता सेंटर बंद करणं ही काटकसर झाली, सुधारणा नव्हे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने संरक्षित कार्यशाळा बंद केल्या, पण टप्प्याटप्प्याने. नवीन लोक तिथे घेणं थांबवलं, दुसरीकडे नोकरीच्या आधाराची यंत्रणा आधी उभी केली आणि मग शेवटची कार्यशाळा बंद झाली. क्रमाला महत्त्व आहे.

पण माझं एक म्हणणं आहे. जास्त आधार लागणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे बघण्यासाठी नोकरीची फुटपट्टी लावायचीच नाही. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या टिझार्ड सेंटरमध्ये जिम मॅन्सेल आणि सहकाऱ्यांनी ज्यावर काम केलं तो ‘ॲक्टिव्ह सपोर्ट’ बघा. एखादं काम त्या माणसासाठी करून टाकायचं नाही, त्याच्याबरोबर करायचं. कपडे धुवायचे तर यंत्राचं दार ढकलणं त्याचं, बाकी सगळं मदतनिसाचं. उद्या कदाचित बटणही त्याचं. न बोलणाऱ्या, फिट येणाऱ्या माणसालाही यात जागा आहे, कारण कौशल्य ही पात्रता नाही. तुमच्या सेंटरमध्ये एक तास नुसतं बसून बघा. त्या तासात तो किती वेळ कशात तरी गुंतलेला आहे आणि किती वेळ भिंतीकडे बघत बसलाय? एवढं मोजलंत तरी सेंटरची परीक्षा होते.

सावलीतली
हे नवीन आहे माझ्यासाठी. तास मोजायची हिंमत होईल का माहीत नाही, पण वाचून ठेवते.

तिरका_चौकोन
मी स्वतः स्वमग्न आहे. इथे सगळे ‘त्यांना’, ‘त्यांचं’ लिहिताहेत, म्हणून म्हटलं एक ‘मी’ पण येऊ द्या.

मी एका अभिलेखागारात कागद स्कॅन करतो. पिना काढायच्या, कडा जुळवायच्या, यंत्रात घालायचं, पडद्यावर पान सरळ आलंय का बघायचं. मला हे काम आवडतं. मागच्या तीन ठिकाणी मुलाखतीतच अडलो, कारण मुलाखतीत गप्पा मारता येतात का ते बघतात आणि मला येत नाहीत. इथे त्यांनी मुलाखत घेतलीच नाही, दोन दिवस काम करून दाखवायला सांगितलं. सगळ्या पालकांना सांगेन, मुलाखतीऐवजी कामाची चाचणी मागा. अनेक ठिकाणी तशी मागायचा हक्कही असतो.

दुसरं, सूचना. ‘जरा नीटनेटकं कर’ याचा अर्थ मला आजही माहीत नाही. ‘गठ्ठ्यावर दोरी बांध, चिठ्ठी वरच्या पानावर’ याचा माहीत आहे. असं सांगणारा साहेब मिळाला, म्हणून मी टिकलो. बाकी कानाला हेडफोन आणि खिडकीकडे पाठ, एवढ्याच माझ्या अटी होत्या.

आणि नजर मिळवून बोलणं या अटीबद्दल काय लिहू? स्कॅनरला डोळे नसतात.

टेबल_क्रमांक_सात
शेवटचं वाक्य आमच्या विभागात चिकटवून ठेवतो, हरकत नसेल तर.

तिरका_चौकोन
हरकत नाही.

पायरीवरचा
विषय जरा बाजूला नेतो. पगाराचं काय? मला प्रामाणिकपणे वाटतं की काम मिळतंय, दिवस भरतोय, तर पगार थोडा कमी असला म्हणून बिघडत नाही. घरचे बघतातच ना बाकीचं. उगाच पूर्ण पगाराचा आग्रह धरला तर जे घेतात तेही घेणार नाहीत.

जुनी_वही
हा युक्तिवाद जुना आहे आणि कायद्यातही बसला होता. अमेरिकेच्या १९३८च्या कामगार कायद्यातलं कलम १४(क) अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी पगार द्यायची परवानगी देतं. घड्याळ लावून अपंग नसलेल्या कामगाराचा वेग मोजायचा, याचा वेग मोजायचा आणि त्या प्रमाणात पगार. तिथल्या बऱ्याच राज्यांनी आता स्वतःपुरतं ते बंद केलंय. जर्मनीत साधारण तीन लाख लोक अशा कार्यशाळांमध्ये किमान वेतनाबाहेर काम करतात आणि तिथेही यावरून वाद पेटलेला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं कलम २७ कामाबद्दल आहे. खुल्या बाजारात, इतरांच्या बरोबरीने. त्याच्या समितीने २०२२मध्ये अधिक स्पष्ट केलं की वेगळ्या कार्यशाळा म्हणजे या हक्काच्या दिशेने टाकलेलं पाऊल मानता येणार नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर घड्याळाची पद्धत मुळातच लबाड आहे. जे काम त्या माणसाला साजेसं नाही त्यावर बसवायचं, हळू आहे म्हणायचं आणि पगार कापायचा. वरच्या ट्रॉलीवाल्याला मणी निवडायला बसवा आणि घड्याळ लावा, बघू किती टक्के येतात.

टेबल_क्रमांक_सात
आम्ही पूर्ण पगार देतो, तासांप्रमाणे. सुरुवातीला आठवड्याला थोडे तास, झेपलं तर वाढवतो. कमी तास आणि कमी दर यात फार फरक आहे, पायरीवरचा. पहिल्याला माझी ना नाही.

पायरीवरचा
हा फरक मी धरला नव्हता. ठीक. भत्ता बंद होण्याचं मात्र कुणी बोलत नाहीये. पगार सुरू झाला की सरकारी मदत कापली जाते, म्हणून कित्येक घरं नकोच म्हणतात.

जुनी_वही
भीती खरी आहे, फक्त नियम जागोजागी वेगळे असतात आणि शेजारच्या बाईंनी सांगितलेला नियम बहुतेकदा जुना निघतो. काम हातात यायच्या आधी संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या : किती कमावलं तर किती कापणार आणि नोकरी सुटली तर मदत पुन्हा सुरू व्हायला काय करावं लागेल. दुसरा प्रश्न लोक विसरतात, तोच महत्त्वाचा.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते.

जुनी_वही यांनी मला व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं होतं की चाचण्या, रिपोर्ट सगळं बाजूला ठेव आणि भावाला त्याच्या नेहमीच्या दिवसात नुसतं बघ. कुठे रमतो, कुठे वैतागतो, कोण आजूबाजूला असताना बरा असतो. (याला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात, नोकरी त्या माणसाभोवती बेतायची आधीची पायरी.) मी आणि आईने लिहून काढलं. बसवलं की तो पाच मिनिटांत उठतो, पण चालायला लावला तर थकतच नाही. इमारतीतल्या प्रत्येक दाराचा माणूस त्याला ठाऊक आहे. वस्तू चुकीच्या जागी दिसली की तो ती जागेवर ठेवल्याशिवाय पुढे जात नाही, याचा घरात आम्हाला जाच होतो. आणि दुपारनंतर त्याचं कशातच लक्ष नसतं.

हे सगळं वहीत एकाखाली एक लिहिल्यावर ‘दोन तास एका जागी बसणं’ ही अट किती विनोदी आहे ते कळलं. त्याला बसायचं काम नकोच आहे. सकाळचं, चालण्याचं, वस्तू जागच्या जागी पोचवण्याचं काम हवं. एका ठिकाणी मजल्यांमधून फाइली आणि टपाल पोचवायला माणूस हवा आहे, सकाळचे तीन तास. दारांवर रंगीत चौकोन लावायला ते तयार आहेत, फाइलींच्या पिशव्यांवर तेच रंग. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे.

सेंटरने त्याची जागा सध्या दुपारपुरती ठेवली आहे. लेखी मागितल्यावर दिली, आधी तोंडी ‘बघू’ म्हणत होते. आई अजून धास्तावलेली आहे, पण तिने स्वतःच रंग कोणते घ्यायचे ते सुचवलं. लाल आणि केशरी शेजारी नको, तो गोंधळतो म्हणाली. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.

टेबल_क्रमांक_सात
छान! दोन गोष्टी आमच्या अनुभवातून. पहिल्या दिवशी ओळख कोचने करून देऊ नये, तिथल्या सुपरवायझरने द्यावी. आणि कोच निघून गेल्यावर अडचण आली तर कुणाला फोन करायचा, ते नाव आधीच ठरवा. ‘ऑफिसला कळवा’ असं मोघम ठेवू नका. सहा महिन्यांनी साहेब बदलतो, लिफ्ट बंद पडते, मजल्याचं रंगकाम होतं आणि तिथेच नोकऱ्या सुटतात. शिकवणं संपतं, आधार संपत नाही. करारात हे घाला.

रिकामा_रकाना
जायला-यायला काय करणार? आमच्या पुतणीच्या बाबतीत सगळं तिथेच अडणार असं दिसतंय.

अर्धविराम
सुरुवातीला बाबा सोडतील. कोच म्हणाली, प्रवासही कामासारखाच तुकडे पाडून शिकवायचा. शेवटचा टप्पा पहिला. म्हणजे स्टॉपवर उतरल्यापासून दारापर्यंत तो एकटा, बाबा मागे. मग उतरायचं कुठे ते ओळखणं त्याचं. मग मागे मागे जात घरापर्यंत. शेवटापासून सुरू केल्याने रोज पोचण्याचा आनंद त्याला मिळतो, असं तिचं म्हणणं. बस चुकली किंवा वेगळ्या रस्त्याने गेली तर काय, याचा वेगळा सराव आहे, गळ्यातल्या कार्डावर बाबांचा नंबर.

सावलीतली
अर्धविराम, भावाला शुभेच्छा. जुनी_वही, मी गेले होते सेंटरला. तास मोजला. आकडा इथे लिहीत नाही. पण तिथल्या एका नवीन मुलीने मला ते दाराचं आणि बटणाचं नीट समजावून मागितलं. फिटच्या औषधांमुळे सकाळी त्याचे हात जड असतात, तर बटणाऐवजी काय वापरता येईल? मोठी कळ (स्विच) मिळते असं ऐकलंय, ती यंत्राला कशी जोडतात?

जुनी_वही
मिळते. तळहाताएवढी असते, कोपराने किंवा डोक्यानेही दाबता येते. पण ती यंत्राच्या बटणाला थेट जोडायची नाही, मध्ये एक छोटी पेटी लागते आणि ती कुठलीही चालत नाही, विजेचं काम आहे. आधी पंखा किंवा रेडिओवर सुरू करा, परिणाम लगेच कळतो. आणि त्याच्या ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) विचारून कळ कुठे बसवायची ते ठरवा, हात जड असतो तेव्हा कुठली हालचाल सगळ्यात सोपी जाते ते बघून. बाकी सविस्तर व्यनि करते.